डुशेन असलेल्या मुलासाठी: निरीक्षणाचा अभ्यास की औषधाची चाचणी?

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जमिनीवरून उठताना तो दोन्ही हात मांड्यांवर रोवतो आणि स्वतःच्याच अंगावर चढत गेल्यासारखा उभा राहतो. त्याला डुशेन, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार, असल्याचं निदान झाल्यापासून गोव्यातल्या डिचोली-फोंड्याकडचे पालक मला विचारतात, ‘मुलाला संशोधनात घालायचं का?’ संशोधन म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट वाटते, पण संशोधनं दोन प्रकारची असतात आणि त्यांत फार अंतर आहे.

निरीक्षणाच्या अभ्यासात औषध नसतं. वर्षातून एक-दोनदा मुलाला न्यायचं. सहा मिनिटांत तो किती मीटर चालतो, उठायला किती सेकंद लागतात, हे मोजतात. नॉर्थ स्टार नावाच्या तपासणीत १७ हालचाली असतात आणि ३४ गुण. शिवाय श्वासाची ताकद आणि हृदयाचा इको. मुलाला यातून थेट फायदा काही नाही, हे आधीच मनाशी धरा. पण या नोंदी वाया जात नाहीत. २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालेल्या एटेप्लिर्सन या डुशेनवरच्या औषधाची एक प्रमुख चाचणी अवघ्या १२ मुलांची होती, आणि त्यांच्या चालण्याची तुलना औषध न घेतलेल्या मुलांच्या अशाच नोंदींशी केली गेली.

औषधाच्या चाचणीत आशा मोठी, आणि मागणीही मोठी. आधी जनुकाचा अहवाल हवा. डुशेनमध्ये बिघडतं ते डिस्ट्रोफिन जनुक; त्याचे ७९ एक्सॉन, म्हणजे तुकडे, आहेत. बिघाड कुठे आहे यावर बरंच ठरतं. एक्सॉन ५१ वगळणारं एटेप्लिर्सन डुशेनच्या साधारण १३ टक्के मुलांनाच लागू पडतं. अहवाल हातात नसताना एखाद्या चाचणीवर आस लावून बसू नका.

दुसरं, प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं. गिविनोस्टॅट या डुशेनवरच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत १७९ मुलगे होते, दीड वर्ष. तिघांमागे एकाला खरं औषध मिळालं नाही, मात्र स्टेरॉइड सगळ्यांचं चालू होतं. ज्या मुलाची चालण्याची वर्षं मोजकी आहेत, त्याच्या आईला दीड वर्ष म्हणजे काय वाटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून ‘चाचणी संपल्यावर खरं औषध देणार का?’ हे विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या.

जनुक उपचाराबाबत मी जास्त सावध आहे. त्यात कामाचं जनुक विषाणूवर लादून शरीरात सोडतात. एकदा दिला की शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि तोच उपचार पुन्हा देता येत नाही. पुढे याहून चांगला आला तरी दार बंद होऊ शकतं. २०२५ साली असा उपचार घेतलेले, चालणं थांबलेले दोन मुलगे यकृत निकामी होऊन दगावले. घाबरवायला सांगत नाही; सही करण्याआधी हे माहीत असावं इतकंच.

खर्च आणि प्रवास. आम्ही निरीक्षणासाठी मडगावहून रात्रीच्या गाडीने बंगळूरुला जातो. वर्षातून दोनदा जमतं. औषधाच्या चाचणीत सुरुवातीला दर काही आठवड्यांनी जावं लागू शकतं; शाळा बुडते, मूल दमतं. भाडं, राहणं कोण देणार ते पहिल्याच भेटीत विचारा. औषधाची चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असलीच पाहिजे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई औषध-चाचण्यांच्या २०१९च्या नियमांत आहे. कधीही बाहेर पडता येतं, त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

माझं मत विचाराल तर: अहवाल हातात घ्या, गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला, आणि आधी निरीक्षणाच्या अभ्यासात नाव घाला. मुलाला तपासण्यांची सवय होते, आणि औषधाची योग्य चाचणी निघाली तर त्याच्या नोंदी तयार असतात. मात्र चालणं झपाट्याने कमी होत असेल आणि त्याच्या बिघाडाला जुळणारी चाचणी खुली असेल, तर थांबू नका.

सात वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची संमतीही घ्यावी लागते. आम्ही विचारलं तेव्हा तो म्हणाला, चालायला हरकत नाही, पण गणेश चवथीच्या दिवसांत नको. आम्ही तारीख बदलून घेतली.