कोरियन डाएट काढा: फोनवर सल्ला की क्लिनिकमध्ये जाऊन?

सोलमध्ये राहणाऱ्यांना फोनचा ऑप्शन लगेच पटतो. रजा टाकायला नको, भाषा अडली तर शेजारी बसलेला मित्र सांभाळून घेतो, आणि वजन कमी करायचं हानयाक (कोरियन पारंपरिक जडीबुटीचं औषध), म्हणजे काढ्याचे सीलबंद पाऊच नाहीतर गोळ्या, कुरियरने दारात. कोरियात फोनवरच्या सल्ल्याला कोविडमुळे फेब्रुवारी 2020 मध्ये तात्पुरती परवानगी मिळाली होती.

पण फोनवर डॉक्टरला दिसणार काय? तुम्ही सांगाल ते वजन, तुम्ही सांगाल ते बीपी. आणि घोळ इथेच आहे, कारण या औषधांत बऱ्याचदा माह्वांग म्हणजे एफेड्रा ही वनस्पती असते, त्यातल्या एफेड्रीनने भूक मरते खरी पण छातीत धडधड, झोप उडणं, बीपी वाढणं हेही मागोमाग येऊ शकतं. अमेरिकेने तर एफेड्रावाल्या सप्लिमेंट्सवर 2004 मध्ये बंदीच घातली.

क्लिनिकमध्ये नाडी बघतात, जीभ बघतात, बीपी मोजतात, इनबॉडीवर उभं करून चरबी-स्नायूंचा हिशोब काढतात (हे कोरियन मशीन आपल्याकडच्या जिममध्येही असतं), शिवाय अ‍ॅक्युपंक्चर. वेळ जातो, जाऊ दे.

माझं म्हणाल तर पहिली भेट समोरासमोरच, त्रास नसेल तर पुढचं फोनवर. हार्ट, बीपी, थायरॉइडवाले किंवा प्रेग्नंट असाल तर फोनवर मागवायचं नावच काढू नका.