वनस्पतीशास्त्राच्या अभ्यासासाठी अंकी: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात वनस्पतीशास्त्र शिकते. घर गगनबावडा रस्त्यावर कळ्याला असल्याने रोज एसटीने ये-जा करावी लागते आणि अभ्यासाचा बराचसा वेळ प्रवासात जातो. गेल्या जुलैपासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे नऊ महिने, मी अंकी हे उजळणीचे ॲप जवळजवळ रोज वापरले आहे. शिक्षणात तंत्रज्ञानाचा उपयोग या विषयावर पुष्कळ बोलले जाते, परंतु एकच साधन एका विद्यार्थ्याने सलग वापरले तर काय होते, हे क्वचितच सविस्तर वाचायला मिळते. म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

पहिल्या वर्षी माझ्याकडे तंत्रज्ञान नव्हते असे नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ येत होत्या, यूट्यूबवर प्रत्येक धड्याची व्याख्याने होती आणि मी ती मन लावून पाहतही होते. पाहताना सारे समजत असे. आठ दिवसांनी वही मिटून पुष्पसूत्र, म्हणजे फुलाची रचना चिन्हांत मांडणारे सूत्र, लिहायला बसले की मात्र हात थांबत असे. मला त्या वेळी वाटले की आपली स्मरणशक्तीच कमी आहे. आता वाटते की मला सगळे जण दाखवत होते, विचारत कोणीच नव्हते. अंकी फक्त विचारते. त्याचे एवढे एकच काम आहे आणि नऊ महिन्यांनंतर माझे मत असे आहे की तेच काम माझ्या अभ्यासात हवे होते.

ज्यांना हे ॲप माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न असतो आणि मागच्या बाजूला उत्तर. आपण मनाशी उत्तर द्यायचे, मग कार्ड उलटायचे आणि उत्तर कितपत आठवले त्याप्रमाणे अगेन, हार्ड, गुड किंवा ईझी यांपैकी एक बटण दाबायचे. आठवलेले कार्ड काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, मग काही महिन्यांनी परत येते. विसरलेले लगेच परत येते. या कल्पनेचे मूळ जुने आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 मध्ये तो प्रसिद्ध केला. पुढे 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी दाखवून दिले की, पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, परंतु आठवड्याने घेतली तर न पाहता आठवून लिहिणारे पुढे जातात. माझे पहिले वर्ष या पाच मिनिटांच्या समाधानातच गेले होते.

सुरुवात मात्र मी चुकीची केली. कष्ट वाचावेत म्हणून मी वनस्पती कुलांचा (जवळच्या वनस्पतींच्या गटांचा) एक तयार डेक, म्हणजे कार्डांचा संच, इंटरनेटवरून उतरवून घेतला. त्यात शेकडो कार्डे होती आणि ती नीटनेटकी होती. तरीही तीन आठवड्यांत माझा गोंधळ वाढला. आमच्या प्रात्यक्षिकात बेंथम आणि हूकर यांची वनस्पती वर्गीकरणाची पद्धत आहे, जी 1862 ते 1883 या काळात प्रसिद्ध झाली. तो डेक मात्र जनुकीय माहितीवर आधारलेल्या एपीजी पद्धतीप्रमाणे बनवलेला होता. त्यामुळे रुईचे कुल आमच्या वहीत ॲस्क्लेपिएडेसी आणि डेकमध्ये ॲपोसायनेसी असे होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण नव्या पद्धतीत पहिले कुल दुसऱ्यात सामावून घेतले आहे. परंतु कार्डाच्या मागे एकच शब्द लिहिलेला असेल तर हे कळायला मार्ग नसतो. दुसऱ्याने केलेल्या कार्डात त्याचे वाचन, त्याचे पुस्तक आणि त्याला पडलेले प्रश्न असतात. मी तो डेक पुसून टाकला आणि स्वतःची कार्डे लिहू लागले. आज माझ्याकडे साधारण अकराशे कार्डे आहेत आणि त्यांतले प्रत्येक मी लिहिलेले आहे.

या लिहिण्याविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे. माझे ॲस्क्लेपिएडेसीचे पहिले कार्ड असे होते: पुढे कुलाचे नाव, मागे पुष्पसूत्रासह सगळी बारा-तेरा लक्षणे. हे कार्ड मी वारंवार विसरत होते. एखादे कार्ड आठ वेळा विसरले की अंकी त्याला 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण करून बाजूला काढते. जळू रक्त पिते तसे ते कार्ड वेळ पिते, असा त्यामागचा अर्थ. ऑगस्टच्या अखेरीस हे कार्ड असे बाजूला निघाले तेव्हा मी ते पुन्हा पाठ करण्याऐवजी शेताच्या बांधावरून रुईची चार फुले तोडून आणली. शनिवारी मारुतीला पानांचा हार घालतात तीच ही रुई, लहानपणापासून पाहिलेली. चीक डोळ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून फुले आधी धुऊन घेतली आणि भिंगाखाली धरली.

मधोमध पाच कोन असलेले एक जाडसर चकतीसारखे डोके दिसते. पुंकेसर आणि कुक्षी एकमेकांना चिकटून ते झालेले असते. त्याच्या प्रत्येक कोनाशी एक काळसर ठिपका असतो. त्याला सुईचे टोक लावून हलकेच वर ओढले की ठिपक्याबरोबर दोन पिवळसर, चपट्या पिशव्या बाहेर येतात, बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टाकलेल्या गोणीसारख्या. हे परागपुंज. या फुलाचे पराग सुटे नसतात, ते असे पिशवीत बांधलेले असतात आणि कीटकाच्या पायाला ती जोडीच्या जोडी अडकून जाते. लगेच अंगणातल्या सदाफुलीचे फूल उघडून पाहिले. तिथे पुंकेसर पाकळ्यांच्या नळीला आतून चिकटलेले, सुटे, आणि पराग भुकटीसारखे. जुन्या पद्धतीत ही दोन कुले वेगळी का ठेवली होती, ते मला त्या संध्याकाळी कळले. मग त्या एका कार्डाची मी पाच कार्डे केली आणि पहिल्याचा प्रश्न असा लिहिला: "रुईच्या फुलातील काळ्या ठिपक्याला सुई लावून ओढली तर काय बाहेर येते?" हे कार्ड मी पुन्हा एकदाही विसरलेले नाही. ॲपने मला परागपुंज शिकवले नाहीत. मला ते येत नाहीत एवढे त्याने ठामपणे सांगितले. माझ्यासाठी त्याची खरी किंमत तेवढ्यात आहे.

बटणांच्या बाबतीत माझी एक चूक पहिले दोन महिने चालली, ती नव्याने वापरणाऱ्यांनी टाळावी. उत्तर विसरले तरी मी बऱ्याचदा हार्ड दाबत असे, कारण अगेन दाबणे म्हणजे नापास होण्यासारखे वाटायचे. वस्तुतः हार्डचा अर्थ 'आठवले, पण कष्टाने' असा आहे. त्यामुळे मला न येणारी कार्डे ॲप येणारी समजून लांबच्या तारखा देत राहिले. अलीकडच्या आवृत्त्यांत एफएसआरएस नावाची नवी गणनपद्धत आहे. ती आपल्या आधीच्या उत्तरांवरून पुढच्या तारखा ठरवते, त्यामुळे तिथे अशी खोटी उत्तरे अधिकच नडतात. दुसरे असे की उजळणीत किती टक्के कार्डे आठवली पाहिजेत याचे लक्ष्य मी नव्वद टक्क्यांवरून सत्त्याण्णववर नेले होते. सगळेच आठवले पाहिजे या हव्यासाने रोजची उजळणी दुपटीहून अधिक झाली आणि नवीन कार्डांसाठी वेळच उरेना. शंभरातली दहा कार्डे चुकणे हे या पद्धतीत गृहीतच धरलेले असते, हे स्वीकारल्यावर मी परत नव्वदवर आले. आता दिवसाला दहा नवीन कार्डे आणि सुमारे पंचवीस मिनिटे, एवढ्यात भागते.

खंड पडला की मात्र त्रास होतो. डिसेंबरात आमच्याकडे गुऱ्हाळ चालू झाले आणि नऊ दिवस मी ॲप उघडले नाही; उघडले तेव्हा पाचशेहून अधिक कार्डे साठलेली होती. तो आकडा पाहून फोन ठेवून द्यावासा वाटला. नवीन कार्डे पूर्ण बंद करून रोज शंभरच करायची असे ठरवले, तेव्हा दहा-बारा दिवसांत गाडी रुळावर आली.

आता सर्वांत महत्त्वाचा धडा, जो मला प्रात्यक्षिक परीक्षेत मिळाला. दीपमाळ या वनस्पतीचे माझे कार्ड होते. पुढे फोटो, मागे नाव आणि कुल: लॅमिएसी. तो फोटो मी गोठ्याच्या निळ्या पत्र्याच्या दारासमोर काढला होता, नारिंगी फुलांचे गोल झुबके त्यावर उठून दिसत होते आणि हे कार्ड मी कधीच चुकले नव्हते. स्पॉटिंगच्या, म्हणजे समोर ठेवलेला नमुना ओळखण्याच्या, वेळी टेबलावर दीपमाळेचा वाळवलेला हर्बेरियम नमुना होता, पूर्ण तपकिरी, फुले गळालेली. मला तो ओळखता आला नाही. घरी येऊन कार्ड उघडले तेव्हा लक्षात आले की मी महिनोन्महिने दीपमाळ ओळखत नव्हते, निळे दार ओळखत होते. त्या नमुन्यात चौकोनी खोड होते, समोरासमोर पाने होती आणि खोडाभोवती ठरावीक अंतरावर काटेरी, सुकलेल्या निदलपुंजांचे (फुलाच्या बाहेरच्या आवरणांचे) गोळे होते. वनस्पती ओळखायला एवढे पुरेसे होते, परंतु माझ्या कार्डाने ते मला कधी विचारलेच नव्हते. हा दोष ॲपचा म्हणता येणार नाही. तरीही पडद्यावरचे यश आपल्याला किती सहज फसवते, हे शिक्षणात तंत्रज्ञान आणणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते. आता मी एका वनस्पतीची किमान चार कार्डे करते: फुलासह, फुलाशिवाय, फक्त फळ किंवा पान, आणि शक्य असेल तर वाळलेला नमुना. पार्श्वभूमीला पांढरा कागद धरते. चित्रावरून नाव सांगण्याबरोबरच "कोणत्या लक्षणावरून ओळखलेस?" हे कार्डही प्रत्येक वनस्पतीला जोडलेले असते.

दीर्घोत्तरी प्रश्नांना मला याचा फारसा उपयोग झाला नाही. तुकड्यातुकड्यांनी आठवलेली माहिती सलग परिच्छेदात मांडणे हे वेगळे कौशल्य आहे आणि त्यासाठी कागदावर लिहिण्याला पर्याय नाही. पुष्पचित्रेही हातानेच काढावी लागतात.

खर्चाच्या दृष्टीने पाहता अँड्रॉइडवरील अंकीड्रॉइड आणि संगणकावरील अंकी दोन्ही मोफत आहेत, जाहिराती नाहीत. आयफोनवरील आवृत्ती मात्र विकत घ्यावी लागते. सारख्या नावाची इतर ॲप पुष्कळ असल्याने उतरवताना नाव नीट पाहावे. माझा फोन जुना आहे, तरी अडचण आली नाही. फक्त फोटो लहान करून घालते. कार्डे फोनमध्येच असल्याने नेटवर्कची गरज फक्त बॅकअपपुरती लागते. जुलैत पावसाने रस्त्यावर पाणी येऊन एसटी बंद होती, वीज येत-जात होती, कॉलेज चार दिवस बुडाले, पण उजळणी बुडाली नाही. देवनागरी अक्षरे व्यवस्थित दिसतात. मी लक्षणे मराठीत आणि शास्त्रीय नावे इंग्रजीत लिहिते, कारण परीक्षेत इंग्रजी लागते आणि समजायला मराठी.

आजी हे सगळे जवळून पाहत असते. "सकाळधरनं त्येच त्येच इचारतोय व्हय गं त्यो फोन?" असे तिने एकदा विचारले. मी तिला कार्डे दाखवली, तर फोटोतल्या निम्म्याहून अधिक वनस्पतींची स्थानिक नावे तिला येत होती आणि त्यांतली कित्येक आमच्या वहीत नव्हती. तेव्हापासून मागच्या बाजूला मी 'आजीचे नाव' अशी एक ओळ ठेवली आहे.

तिच्याकडूनच खरचुडी, म्हणजे कंदीलपुष्प, कळली. पूर्वी तिचे कंद रानातून खणून आणून खात असत, असे ती सांगते. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागाच्या उद्यानात या कंदीलपुष्पांच्या अनेक जातींचे जतन केले आहे. फूल खरोखरच कंदिलासारखे असते, त्याच्या नळीत बारीक माश्या शिरतात, आतल्या केसांमुळे अडकतात आणि केस कोमेजले की परागपुंज घेऊन बाहेर पडतात. म्हणजे रुईचीच नातलग. पुढच्या वर्षाच्या डेकसाठी या कार्डाची मागची बाजू मी वहीत लिहून ठेवली आहे. पुढच्या बाजूसाठी इंटरनेटवरचा फोटो घेतलेला नाही. पाऊस लागल्यावर आजीने सांगितलेल्या माळावर जाऊन तो काढायचा आहे, आणि पांढरा कागद बरोबर न्यायचा आहे.