मे महिन्यात कुत्र्याला कधी फिरवायचं, पहाटे की संध्याकाळी?

बरेच जण संध्याकाळी साडेसहाला कुत्र्याला खाली नेतात. ऊन उतरलेलं असतं, समुद्राचा वाराही सुटलेला असतो. पण मुंबईचे डांबरी रस्ते आणि पेव्हर ब्लॉक दिवसभर तापलेले असतात, आणि ती धग सूर्य मावळल्यावरही बराच वेळ निघत राहते. आपल्या पायात चप्पल असते, त्याच्या नसते. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर 7 सेकंद टेकवून बघा. चटका बसला तर परत फिरा.

पहाटे साडेपाचला तोच रस्ता निवलेला असतो. दमटपणा मात्र जास्त. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि दमट हवेत ते नीट होत नाही. त्यामुळे पहाटेही त्याला पळवू नका. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर मुळीच नाही.

मी पहाटेच्याच बाजूची. उठणं जमतच नसेल तर रात्री नऊनंतर, शक्यतो मातीच्या कडेने. पाणी दोन्ही वेळा सोबत हवंच. धाप थांबेना, तोल जाऊ लागला, तर सावलीत नेऊन साध्या पाण्याने अंग भिजवा, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा. परळ जवळ असेल तर बैलघोडा हॉस्पिटल आहेच.