जुने पीसीआय कार्ड, नवे कर्नल: सुधारित ड्रायव्हर काही महिने वापरल्यानंतर

डिचोलीतील आमच्या काजू कारखान्यात ड्रायरच्या तापमानाची नोंद संगणकाच्या खाचेत बसवलेल्या एका जुन्या पीसीआय कार्डावरून होते. कार्ड आजही ठणठणीत आहे. कालबाह्य झाली होती ती डेबियन 6 ही लिनक्स प्रणाली आणि तिचे 2.6.32 कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा. पुरवठादाराने कर्नलला कार्डाशी जोडणाऱ्या ड्रायव्हरकडे पाहणे केव्हाच सोडले होते, परंतु सोर्स कोड हाती असल्यामुळे तो डेबियन 12 च्या 6.1 कर्नलसाठी सुधारून घेतला आणि पावसाळ्याच्या तोंडावर वापरात आणला. आता गणेश चवथही होऊन गेली आहे.

अडचणीचे मूळ बिग कर्नल लॉकमध्ये होते. 1996 साली लिनक्स 2.0 मध्ये अनेक प्रोसेसरांची सोय झाली तेव्हा साऱ्या कर्नलला मिळून, एका वेळी एकालाच आत सोडणारे, हे एकच लॉक देण्यात आले, आणि 2011 मध्ये 2.6.39 आवृत्तीत ते पूर्णपणे गेले. आमचा ड्रायव्हर मात्र त्याच्याच भरवशावर लिहिलेला होता. अशा वेळी लॉकच्या जागी म्युटेक्स (ठरावीक डेटापुरते, एका वेळी एकालाच धरता येणारे लॉक) घालून, आयओसीटीएलच्या (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) ऐवजी अनलॉक्ड आयओसीटीएल (तोच, पण ते मोठे लॉक न घेणारा) लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि तेवढ्याने कम्पायलरची त्या बाबतीतली तक्रारही मिटते.

खरा फरक त्यानंतर जाणवतो. जुने लॉक धरलेली प्रोसेस झोपली, म्हणजे कशाची तरी वाट पाहत थांबली, की ते आपोआप सुटत असे आणि जाग येताच परत घेतले जाई. म्युटेक्स तसे करत नाही. आमच्या ड्रायव्हरमधील एक कॉल पुढील वाचन येईपर्यंत थांबून राहतो. तो म्युटेक्स धरूनच थांबला, तर दुसऱ्या प्रोग्रामने पाठवलेली 'नोंद थांबवा' ही आज्ञा दाराबाहेरच अडकते. म्हणून झोपण्यापूर्वी म्युटेक्स सोडणे, जाग आल्यावर तो पुन्हा घेणे आणि दरम्यान कोणी स्थिती बदलली नाही ना हे तपासणे, हे सगळे हाताने लिहावे लागले. इंटरप्टमधून (कार्डाने प्रोसेसरला दिलेली तातडीची हाक) भरला जाणारा बफर, म्हणजे वाचनांचा तात्पुरता साठा, हा आणखी वेगळा प्रश्न होता, कारण तेथे म्युटेक्स चालत नाही, स्पिनलॉकच (न झोपता वाट पाहायला लावणारे लॉक) लागतो. आणि स्पिनलॉक धरून वापरकर्त्याच्या मेमरीत डेटा पाठवता येत नाही, तो आधी बाजूला उतरवून घ्यावा लागतो. कोणते लॉक कोणत्या डेटाचे रक्षण करते हे मूळ कोडमध्ये कोठेही लिहिलेले नव्हते, आणि बहुतेक वेळ ते शोधण्यातच गेला.

चाचणीसाठी लॉकडेप (लॉक घेण्याचा क्रम तपासणारी कर्नलमधील सोय) चालू केलेले कर्नल वेगळे कम्पाइल केले. त्याचा वेग मंदावतो, पण लॉक घेण्याच्या क्रमातील चूक प्रत्यक्ष गाडे अडकण्यापूर्वीच लॉगमध्ये दिसते; ही सोय नसती तर मी हे काम हाती घेऊ दिले नसते.

रोजच्या वापरात नोंदी सलग येत आहेत. पावसाळ्यात वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला तरी ड्रायव्हर आपसूक उभा राहतो. कर्नल अद्ययावत झाल्यावर डीकेएमएस हे साधन ड्रायव्हरचे मॉड्यूल नव्याने बांधते, मात्र त्या आवृत्तीच्या, बांधणीला लागणाऱ्या हेडर फायली बसवलेल्या असाव्या लागतात.

सोर्स कोडविना नुसती बायनरी (तयार कम्पाइल केलेला ड्रायव्हर) हाती असलेल्यांना हा मार्ग मी सुचवणार नाही. डेबियन 13 कडेही इतक्यात जाणार नाही: त्याच्या 6.12 कर्नलमध्ये रिअल टाइमचा (ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्याचा) पर्याय आला असून तो निवडल्यास साधा स्पिनलॉकही झोपू शकतो, तेव्हा इंटरप्टचा भाग आधी पुन्हा तपासून घ्यावा लागेल.