रॅम वाढवली, पीसी सुरू होईना, आणि ‘बोर्ड गेलाय’ ऐकून 6,900 रुपये घालवले

5,800 नव्या मदरबोर्डचे (पीसीचे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड), 600 लेबर, 500 विंडोज टाकायचे. एकूण 6,900. यातलं एकही काम झालेलं नाही. रॅमचे 1,950 मी धरतच नाही, ती निदान खरी निघाली.

घरचा डेस्कटॉप 8 जीबी रॅमवर (डीडीआर4 प्रकारची) रडतखडत चालायचा. रॅमची आणखी एक 8 जीबीची पट्टी, म्हणजे स्टिक, आणून मीच बसवली. बटण दाबलं तर पंखे फिरतायत, दिवा लागलाय, स्क्रीन काळी. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा कॉल. अशा वेळी माणूस जवळच्याच दुकानात जातो, ‘यूट्यूब बघायचं होतं’ म्हणणाऱ्यांनी जरा गप्प बसावं.

दुकानदाराने माझ्यासमोर कॅबिनेट उघडलंही नाही. "साहेब, रॅम लावताना शॉर्ट झालंय. बोर्ड गेला." हे वाक्य यांना पाठच असतं. बिघाड तुमच्याच हातून झाला म्हटलं की गिऱ्हाईक शरमेने घासाघीस करत नाही. जुना बोर्ड परत मागा, तिथेच. देत नसेल तर पैसे देऊ नका.

संध्याकाळी पीसी चालू, 16 जीबी दिसतायत, मी यूपीआय करून मोकळा. बिल मागितलं तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे. "पक्कं हवं तर 18 टक्के वर पडतील."

आता ज्याचा संताप अजून जात नाही ते. स्पीकरची पिन दरवेळी चुकीच्या भोकात जाते म्हणून मुलीने मागच्या हिरव्या सॉकेटच्या कडेवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. कॅबिनेटच्या पत्र्यावर नाही, सॉकेटवरच, आणि सॉकेट बोर्डाचाच भाग. घरी आणून मी वायरी जोडल्या आणि तो ठिपका बघून पिन घातली. ठिपका बघून! नव्या कोऱ्या बोर्डावर आमच्या मुलीची नेलपॉलिश. वर 500 रुपये देऊन ‘टाकलेल्या’ विंडोजवर वॉलपेपरही जुनाच. "डेटा वाचवलाय तुमचा" म्हणाला होता, मला ते उपकार वाटले. बोर्ड खरंच बदलला असता तर विंडोजने बहुतेक पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे लायसन्सची खातरजमा, मागितलं असतं, पण हे रोजच्या वापरातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार?

पुढे एकदा पुन्हा काळी स्क्रीन. भाचा आला. वायर काढली, दोन्ही स्टिक उपसल्या, सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच घासली, एकच स्टिक खट् आवाज येईपर्यंत दाबली. चालू. मग दुसरी. तीही चालू. माझी नीट बसलेलीच नव्हती, एवढाच आजार. "मामा, बोर्ड कधी बदललात? हा तर जुनाच दिसतोय." माळ्यावरून मूळ खोका काढला. त्यावरचा सिरीयल नंबर आणि बोर्डावरचा, अक्षर न् अक्षर तोच. तुमचे खोके फेकू नका, बायको काहीही म्हणो.

चौकीत गेलो. "पैसे कसे दिले? यूपीआय? मग सायबरला जा." सायबरवाले म्हणे, "ओटीपी गेला नाही, लिंक नाही, तुम्ही स्वतः दिलेत. चौकीत जा." पुन्हा चौकी. आता ते ‘सिव्हिल मॅटर’ झालं. एकाने विचारलं, "बोर्ड म्हणजे कीबोर्ड का?" अर्ज लिहून दिला तर प्रतीवर शिक्का मारायला साहेब नाहीत, साहेब बंदोबस्ताला. साहेब आले तर म्हणाले, पक्कं बिल नाही, आम्ही काय करणार? म्हणजे जो बिल देत नाही तो सुरक्षित आणि मी तासन् तास बाकावर! 6,900 साठी एवढं कशाला, असंही ऐकवलं. खिशातून त्यांच्या गेले असते तर कळलं असतं.

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला वेळ लागू शकतो, थोडं थांबा. रॅमच्या चार खाचा (स्लॉट) असतील तर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात जातात, मॅन्युअल बघा. तरी नाही झालं तर वायर काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा. दुकानात द्यायची वेळ आलीच तर बोर्डाच्या आणि रॅमच्या स्टिकरचे फोटो आधी काढा.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. तिथे दाखल करतोय. त्याआधी दुकानदाराला रजिस्टरने नोटीस पाठवली. ‘दुकान बंद’ शेरा मारून परत आली. शेऱ्यावरच्या तारखेला दुपारी मी स्वतः तिथून गेलो होतो, आत दोन गिऱ्हाइकं उभी होती.