कंडिशनल्सचा गेम बॉक्स: घ्यायचा की झेरॉक्सवर भागवायचं?

कंडिशनल्स म्हणजे इंग्लिशमधली 'इफ'ची, 'असं झालं तर तसं होईल' टाइप वाक्यं, आणि ती खेळातून शिकवायचा हा बॉक्स. आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन स्टार, आणि तेही आतल्या दोन-तीन गेम्समुळे. बाकी बॉक्स दिसायला झकास आहे, कार्डं जाड आहेत, रंग मस्त आहेत, पोरं हातात घेतल्या घेतल्या खूश होतात, पण पोरं खूश झाली म्हणजे त्यांनी इफची वाक्यं केली असं होत नाही ना.

ऑनलाइन साडेसातशेच्या आसपास पडतो. ब्रँडचं नाव मुद्दामच टाकत नाहीये, कारण वेगवेगळ्या नावांनी असे बरेच बॉक्स मिळतात आणि ही सगळी उलटतपासणी कुठल्याही बॉक्सला लागू होईल. आत येतं काय तर इफच्या अर्ध्या-अर्ध्या वाक्यांचे डॉमिनो, म्हणजे जोड्या लावायचे तुकडे, एक सापशिडीचा बोर्ड, साखळी-गोष्टीची कार्डं, 'ओळखा पाहू' टाइप सिच्युएशन कार्डं, टायटॅनिकच्या गोष्टीची कार्डं, फासे, एक छोटं वाळूचं घड्याळ आणि एक पातळ पुस्तिका. पुस्तिकेवर क्यूआर कोड आहे, तो स्कॅन केला की पेज उघडत नाही, पुढे बोलायलाच नको.

माझा वर्ग नववीचा, मराठी माध्यम, पन्नासच्या वर पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, आणि भिंतीपलीकडे गणिताचे सर, ज्यांना आवाज चालत नाही. हे सांगायचं कारण की बॉक्सवर 'ग्रुप ऑफ फोर' असं छापलंय, म्हणजे एका बॉक्समध्ये चारच पोरं खेळणार आणि बाकीची काय करणार ते कुठे लिहिलेलं नाही.

व्याकरणाचा कुठलाही गेम बघताना मी एवढंच बघते, की वाक्य न बोलता किंवा चुकीचं बोलून पोरगं जिंकू शकतं का. जिंकू शकत असेल तर तास मजेत गेला, बस, इंग्लिश होतं तिथेच राहिलं.

आता यात डॉमिनो सपशेल नापास. एका तुकड्यावर 'इफ यू हीट आइस' आणि दुसऱ्यावर 'इट मेल्ट्स'. पोरगं बर्फ बघतं, मेल्ट बघतं, जोडून टाकतं. इफनंतर साधा वर्तमानकाळ आहे की अजून काही, याकडे त्याला बघायची गरजच पडत नाही, शब्दांचा अर्थ कळला की काम झालं. त्यात भर म्हणजे झीरो (नेहमीच होतं ते), फर्स्ट (पुढे होऊ शकतं ते), सेकंड (नुसती कल्पना), थर्ड (होऊन गेलेलं, आता बदलता न येणारं) अशा चारही प्रकारांचे तुकडे चार वेगळ्या रंगांचे केलेत! म्हणजे अर्थ कळला नाही तरी निळ्याला निळा लावायचा. आमच्या वर्गातल्या एका महाभागाने तर उलटे ठेवलेले तुकडे पण मागचा रंग बघून लावून दाखवले. साडेसातशे रुपये या डॉमिनोसाठी अजिबात देऊ नका.

यावर उपाय मात्र आहे आणि फुकट आहे. स्वतः कागदावर तुकडे करा, पण सगळ्या तुकड्यांचा विषय एकच ठेवा. 'इफ आय हॅव मनी', 'इफ आय हॅड मनी', 'इफ आय हॅड हॅड मनी' हे तीन, आणि दुसरीकडे 'आय विल बाय अ सायकल', 'आय वुड बाय अ सायकल', 'आय वुड हॅव बॉट अ सायकल'. आता पैसे आणि सायकल सगळीकडेच आहेत, त्यामुळे जोडी लावायची तर क्रियापदाकडे बघावंच लागतं. सगळं काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर. पोरं आधी कुरकुरतात, मग भांडायला लागतात की हॅड हॅड असं दोनदा कसं काय असेल मॅडम, प्रिंटिंग मिस्टेक आहे. हे भांडण झालं की अर्धं काम झालं.

सापशिडी. पोरांना सगळ्यात जास्त आवडली आणि मला सगळ्यात कमी. घरावर आलं की त्यातलं वाक्य पूर्ण करायचं, एक पोरगं बोलतं तोवर तिघं फाशाकडे डोळे लावून बसतात, वाक्य बरोबर की चूक हे ठरवणार कोण, तर कोणीच नाही, कारण साप आला की सगळ्यांचं लक्ष सापावर. शनिवारी शेवटच्या तासाला ठीक आहे.

साखळीची कार्डं मात्र खरंच चांगली, पहिला स्टार यांनाच. पहिलं कार्ड असं असतं: 'इफ राजू वॉचेस टीव्ही ऑल नाइट, ही विल वेक अप लेट.' पुढच्याने यातला शेवट उचलून त्याचाच इफ करायचा: 'इफ ही वेक्स अप लेट, ही विल मिस द बस.' त्याच्या पुढच्याने 'इफ ही मिसेस द बस', असं करत करत राजू कुठल्या कुठे जातो, आमच्याकडे तो शेवटी एकदा दुबईत पोचला आणि एकदा सरपंच झाला. यात खुबी काय आहे बघा, 'विल वेक अप'चं 'वेक्स अप' केल्याशिवाय साखळी पुढे जातच नाही, आणि आपली पोरं नेमकी इथेच अडतात. आपण बोलताना 'पाऊस आला तर मी येणार नाही' म्हणतो, पाऊस अजून यायचाय तरी 'आला', त्यामुळे पोरगं सरळ 'इफ रेन केम, आय विल नॉट कम' करतं, आणि ज्याला उद्याची गोष्ट आहे हे लक्षात येतं ते 'इफ इट विल रेन' करतं. दोन्ही चुका साखळीत लगेच ऐकू येतात कारण पुढच्याला तेच वाक्य उचलायचं असतं आणि तो लगेच ओरडतो. पन्नास पोरांत खेळायचं तर ओळीने खेळा, प्रत्येक रांगेची एक साखळी, बेंच हलवायला लागत नाहीत. कार्डं नसली तरी चालतं खरं तर, पहिलं वाक्य फळ्यावर लिहिलं की झालं.

फक्त कार्डांवरची वाक्यं आपली नाहीत. 'इफ इट स्नोज, वी विल बिल्ड अ स्नोमॅन.' इथे मे महिन्यात पंखा चालत नाही आणि स्नोमॅन कुठून आणू. मी बदलून 'इफ द एसटी डझन्ट कम' असं केलं तर एकदम पोरांच्या तोंडाला वाक्यं फुटली, कारण एसटी न आल्यावर काय काय होतं याचा त्यांच्याकडे भरपूर अनुभव आहे. झीरो कंडिशनलसाठी पण तेच. कार्डांत शिडीखालून गेलं की बॅड लक, आरसा फुटला की सात वर्षं बॅड लक असलं काहीतरी आहे. त्यापेक्षा 'इफ अ क्रो कॉज अॅट युअर डोअर, गेस्ट्स कम', 'इफ यू गेट हिकप्स, समवन इज रिमेंबरिंग यू', मांजर आडवं जाणं, डोळा फडफडणं, पाल चुकचुकणं, हे सगळं घरूनच विचारून आणायला सांगा. एका आजीने तर इतक्या गोष्टी सांगितल्या की पोरीला वही पुरेना. (विश्वास ठेवायचा नाही हेही सांगा, नाहीतर पालक भेटायला येतात.)

दुसरा स्टार ओळखा-पाहूला, आणि हा माझा सगळ्यात लाडका. एकाला वर्गाबाहेर पाठवायचं, बाकीच्यांनी कार्डावरची सिच्युएशन वाचायची, मग त्याने आत येऊन एकेकाला विचारायचं 'व्हॉट वुड यू डू?' आणि उत्तरांवरून सिच्युएशन ओळखायची. कार्डांवर यॉट आहे, राणीबरोबर चहा आहे, ते सोडा. आमच्याकडे चारी बाजूंनी ऊस आहे, तर आम्ही 'इफ अ लेपर्ड केम इन्टू अवर क्लासरूम' ठेवलं. उत्तरं आली: 'आय वुड जम्प आउट ऑफ द विंडो', 'आय वुड कॉल द फॉरेस्ट डिपार्टमेंट', 'आय वुड टेक अ सेल्फी', आणि मागच्या बेंचवरून 'आय वुड गिव्ह हिम मॅथ्स सर'. हे शेवटचं भिंतीपलीकडे गेलं नसावं अशी आशा आहे. यात जो बाहेर गेला होता त्याला ओळखताना पूर्ण वाक्य करावं लागतं, 'वुड यू जम्प आउट इफ अ लेपर्ड केम?' असं, नुसतं 'लेपर्ड!' ओरडलं तर धरायचं नाही, हा नियम पुस्तिकेत नाही, तुम्ही घाला, नाहीतर निम्मा फायदा गेला. 'वुड' हा शब्द एका तासात इतक्या तोंडांतून इतक्या वेळा दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये बाहेर पडत नाही. आणि आपल्या पोरांना कल्पना करायला शिकवावं लागत नाही हो, 'मी पक्षी असतो तर', 'सूर्य उगवला नाही तर', 'परीक्षा नसत्या तर' हे निबंध लिहून लिहून त्यांचा हात बसलेला असतो, फक्त ते इंग्लिशमध्ये पण चालतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

थर्ड कंडिशनलचं प्रकरण वेगळं. टायटॅनिकच्या कार्डांवर खरी माहिती आहे आणि ती नीट निवडलीय. १४ एप्रिल १९१२ ची रात्र, जहाजावर साधारण २,२०० माणसं, लाइफबोटी फक्त २०. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा वायरलेस ऑपरेटर टक्कर व्हायच्या थोडं आधी झोपायला गेला होता. पोरांनी यावरून वाक्यं करायची, 'इफ ही हॅडन्ट गॉन टू बेड, ही वुड हॅव हर्ड द मेसेज.' पण तोंडून येतं काय, 'इफ ही वुड हॅव नॉट गॉन'. येणारच, कारण आपल्याकडे 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं', दोन्हीकडे असतं-असता, मग त्याने दोन्हीकडे वुड हॅव टाकलं तर त्याचं काय चुकलं, त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे. म्हणून या कार्डांबरोबर मी एक नियम जोडला, की एका बाजूची रांग फक्त इफवाला भाग बोलणार आणि दुसऱ्या बाजूची रांग फक्त उरलेला, आणि इफवाल्यांच्या तोंडून वुड आला की पॉइंट समोरच्यांना. दोन-तीन तासांत फरक पडतो. हाफ स्टार कार्डांना, हाफ स्टार नियमाला, म्हणजे खरं तर मला.

टायटॅनिकपेक्षा जास्त रंगतं ते क्रिकेट. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल, आपले २४०, ऑस्ट्रेलियाच्या हेडचे १३७. रोहित ४७ वर असताना तो मागे पळत जाऊन घेतलेला कॅच पण हेडचाच. 'इफ हेड हॅड ड्रॉप्ड दॅट कॅच, इंडिया वुड हॅव वन.' हे वाक्य वर्गातल्या सगळ्यात कच्च्या पोराने न अडखळता म्हटलं, कारण ते त्याच्या मनातलं होतं. पानिपत पण करून बघितलं, १७६१, 'इफ विश्वासराव हॅडन्ट डाइड', पण ते इतकं तापलं की तिसऱ्या मिनिटाला सगळे मराठीत भांडत होते, सदाशिवरावभाऊंनी यात्रेकरू बरोबर न्यायलाच नको होते वगैरे. इतिहासाच्या मॅडम खूश झाल्या असत्या, इंग्लिशचं मात्र काही झालं नाही.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. अनलेसच्या कार्डांत एक कार्ड आहे: 'अनलेस यू डोन्ट हरी, यू विल मिस द बस.' अहो, अनलेसमध्येच नकार आहे, पुन्हा डोन्ट कशाला? घाई केलीस तर बस चुकेल असा उलटा अर्थ होतो. हीच चूक पोरं पेपरात करतात, बारावीला तर 'रिराइट युजिंग अनलेस' हमखास असतं, आणि तीच तुम्ही छापून विकताय. बॉक्स घेतलात तर हे कार्ड आधी शोधून फाडा. किंवा ठेवा आणि पोरांना चूक शोधायला द्या, मी तेच करते. पुस्तिकेत 'इफ आय वॉज' चूकच आहे, 'इफ आय वेअर'च हवं, असं ठासून लिहिलंय, तेही पटत नाही, बोलताना इंग्लिश माणसं सर्रास वॉज म्हणतात. पेपरात वेअर लिहा आणि मार्क घ्या, पण बोलणाऱ्या पोराला तिथे थांबवू नका.

फोनवरचे क्विझवाले गेम्स बरे नाहीत का असं बरेच जण विचारतात. आमच्याकडे पोरांना शाळेत फोन आणायला बंदी आहे त्यामुळे प्रश्नच येत नाही, पण स्मार्ट टीव्हीवर करून बघितलं तर चार पर्यायांतून एक निवडायचा असतो, तोंड उघडायची वेळच येत नाही, म्हणजे पुन्हा डॉमिनोच.

दहा-पंधरा पोरांचा क्लास असेल, टेबलं असतील, तर बॉक्स घ्यायला हरकत नाही, सेल लागला की घ्या. मोठा वर्ग असेल तर साखळी आणि ओळखा-पाहू हे दोन्ही खडू-फळ्यावर होतात, साडेसातशेत वर्षभराच्या झेरॉक्स निघतील. मिक्स्ड कंडिशनल, म्हणजे 'इफ आय हॅड स्टडीड देन, आय वुड बी अ डॉक्टर नाऊ' टाइप, यावर बॉक्समध्ये एकही कार्ड नाही, तेव्हा पुढच्या परीक्षांच्या तयारीसाठी घेत असाल तर नका घेऊ. वाळूचं घड्याळ मात्र एक नंबर, ते मी आता वाचनाच्या तासाला पण वापरते.