सांगलीच्या रंगमंचावर कन्नड सबटायटल: क्यूलॅब आणि एक छोटी स्क्रिप्ट

कर्नाटकातील करकीच्या भागवत मंडळींचे कानडी खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे नाटक मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर झाले. त्यामुळे आमच्या दोन अंकी मराठी नाटकाला जत भागातील कन्नडभाषक प्रेक्षक येणार असल्याचे कळले, तेव्हा त्यांच्यासाठी कन्नड सबटायटल दाखवणे हे आम्हाला जुने ऋण फेडण्यासारखे वाटले.

त्यासाठी आम्ही ‘फिगर ५३’ या कंपनीचे क्यूलॅब हे सॉफ्टवेअर वापरले. प्रयोगातील ध्वनी, चित्रे आणि मजकूर यांचे क्यू, म्हणजे ठरलेल्या क्षणी सोडायच्या नोंदी, एका यादीत लावून ठेवायचे आणि स्पेसबार दाबून एकेक सोडायचा, अशी त्याची रीत आहे. ते फक्त मॅकवर चालते, ही मोठी मर्यादा आहे; मात्र परवाना दिवसांच्या हिशेबाने भाड्यानेही मिळत असल्याने हौशी संघाला तो परवडू शकतो.

पहिल्या अंकाचे क्यू हाताने तयार करण्यात आमच्या तीन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या अंकासाठी ॲपलस्क्रिप्टची, म्हणजे मॅकवरील कामे आपोआप करून घेण्याच्या भाषेची, मदत घेऊन एक छोटा प्रोग्राम (स्क्रिप्ट) लिहिला. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर क्रमांक, मराठी संवादाचे पहिले चार शब्द आणि कन्नड अनुवाद असे तीन भाग टॅबने वेगळे करून ठेवले. स्क्रिप्ट एकेक ओळ वाचून नवा टेक्स्ट क्यू तयार करते, अनुवाद पडद्यावरच्या मजकुरात घालते आणि मराठी शब्द क्यूच्या नावात ठेवते. हे नाव मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण क्यू सोडणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला कन्नड वाचता येत नाही. फाइल यूटीएफ-८ (वेगवेगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची संकेतपद्धती) म्हणून वाचण्याची सूचना स्क्रिप्टमध्ये स्पष्टपणे द्यावी लागते. ती आम्ही विसरलो होतो आणि पहिल्या खेपेस पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटली. कन्नड जोडाक्षरांचा दुसरा भाग बऱ्याचदा खाली लिहिला जात असल्याने दोन ओळींमधील अंतरही वाढवावे लागले.

तालमीत संवाद बदलले की संपूर्ण स्क्रिप्ट पुन्हा चालवणे धोक्याचे असते, कारण त्याच क्यूंची दुसरी रांग तयार होते. म्हणून आता आमची स्क्रिप्ट आधी क्रमांक शोधते आणि तो क्यू सापडल्यास केवळ मजकूर बदलते.

क्यू आपोआप तयार होतात, पण ते सोडण्याचे काम माणसाकडेच असावे, असे माझे ठाम मत आहे. हशा किती लांबेल आणि नट कोठे थांबेल, हे आधी भरलेल्या सेकंदांना कळत नाही. आमच्या प्रयोगात एका नटाने अर्धे पान गाळले, तेव्हा सहकाऱ्याने यादीतील मराठी शब्दांवर नजर टाकून योग्य क्यू निवडला आणि पुढच्याच वाक्याला कन्नड ओळ पडद्यावर आली.